तक्रार निवारण सेवा : पोच वेळेवर, उत्तर कारणाविना

२०२३ च्या ऑक्टोबरात आमच्या मालवणच्या रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून मासे पकडणाऱ्यांच्या, समाजमाध्यमावरील पानावर मी एक मजकूर लिहिला. रात्री एलईडीचे प्रखर दिवे लावून मासळी एका जागी गोळा करणाऱ्या नौकांविषयी तो होता. अशा मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ सालीच बंदी घातली असल्याने या नौकांवर मत्स्यव्यवसाय खात्याने कारवाई करावी, एवढीच मागणी मी केली होती. शेवटचे वाक्य मालवणीत होते : ‘ह्यांका आता अडवूकच व्हया’, म्हणजे ‘यांना आता अडवायलाच हवे.’ दुसऱ्या दिवशी सकाळी मजकूर नाहीसा झाला होता आणि ‘हिंसेला चिथावणी’ असा शेरा इंग्रजीत आला होता. ज्या समाजमाध्यमावर हे घडले, त्याच्या तक्रार निवारण सेवेविषयीचा हा अभिप्राय आहे.

तक्रारीचा अर्ज शोधण्यातच अर्धा तास गेला. पोच मात्र नियमाप्रमाणे चोवीस तासांच्या आत आली आणि त्यासाठी मी एक तारा देतो. उत्तरासाठी तेव्हा १५ दिवसांची मुदत होती. चौदाव्या दिवशी ‘निर्णय कायम’ असे दोन ओळींचे उत्तर आले. कोणते वाक्य आक्षेपार्ह ठरले, ते माणसाने वाचले की यंत्राने, वाचणाऱ्याला मालवणी कळते का, यांपैकी कशाचाही उल्लेख नव्हता. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या माध्यमाने स्वतःहून मजकूर काढताना लिहिणाऱ्याला कारण कळवावे आणि म्हणणे मांडण्याची पुरेशी संधी द्यावी, असे २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम सांगतात. ‘हिंसेला चिथावणी’ हे आरोपाचे नाव झाले; कारण सांगायचे तर वाक्यावर बोट ठेवावे लागते.

कंपनी खासगी आहे, तिच्या जागेत काय ठेवायचे हे तिने ठरवावे, असे मला अनेकांनी ऐकवले. त्यात तथ्य आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मधील भाषणस्वातंत्र्य मुख्यतः शासनाच्या बंधनांपासून आपले रक्षण करते. नोव्हेंबर २०१२ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमध्ये, बंदविषयीच्या एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली. त्या घटनेनंतर, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा सांगणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ‘६६अ’ या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द झाले. तिथे समोर पोलीस होते, दाद मागायला न्यायालय होते. माझ्या बाबतीत अटक नाही, दंड नाही. पण गावोगावचे मच्छीमार जिथे एकमेकांचे म्हणणे वाचतात ती जागाच माझ्यासाठी बंद झाली, आणि ती बंद करणाऱ्याला आमची बोलीही येत नसावी. कंपनीने नियम करावेत, शिवीगाळ आणि धमक्या जरूर काढाव्यात. सार्वजनिक प्रश्नावरचा मजकूर काढताना मात्र ती भाषा जाणणाऱ्या माणसाने तो आधी वाचलाच पाहिजे.

कंपनीच्या निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येते. २०२३ पासून अशा तीन समित्या आहेत. शासनाने नेमलेल्या समितीने नागरिकाच्या बोलण्याचा निवाडा करावा, हे मला पूर्णपणे पटत नाही. तरीही दुसरा सोपा मार्ग नसल्याने मी अपील केले. मजकुराचे छायाचित्र, तक्रार क्रमांक आणि कंपनीचे उत्तर मी जपून ठेवले होते म्हणूनच ते करता आले. वाचकांनीही हे तिन्ही जपावे.

आठवड्याभरात मजकूर पानावर परत दिसू लागला. कंपनीकडून त्याचेही कारण आले नाही. ज्या बैठकीसाठी तो लिहिला होता, ती तोवर होऊन गेली होती. पाचपैकी एकच तारा.