ऑस्करचा अंदाज बांधताना कोणाचं ऐकायचं: महोत्सव, गिल्ड, बाफ्टा की ग्लोब?

ऑगस्ट संपत आला की पुढच्या ऑस्करच्या याद्या फिरू लागतात. त्यातले निम्मे चित्रपट तोवर फारसे कोणी पाहिलेलेही नसतात. तिथून मार्चमधल्या सोहळ्यापर्यंत दर आठवड्याला कुठला ना कुठला पुरस्कार जाहीर होतो, आणि प्रत्येक वेळी 'आता हाच जिंकणार' असं छापून येतं. मित्रमंडळींत अंदाजाचा तक्ता भरायचा असेल, किंवा कोणते सिनेमे आधी गाठायचे ते ठरवायचं असेल, तर यातलं धरायचं काय आणि सोडायचं काय? आमचं मत ठाम आहे. पुरस्काराचं नाव किती मोठं हे बघू नका. तो देणारे मतदार कोण, आणि ती मतं मोजतात कशी, एवढं बघा.

आधी मोजणी समजून घ्या

सर्वोत्कृष्ट चित्रपटाची मोजणी ऑस्करच्या बाकी विभागांहून वेगळी आहे. आपल्याला ती परकी वाटायचं कारण नाही, कारण विधान परिषदेच्या निवडणुकीत आपण तीच बघतो. नामांकनाची फेरी म्हणजे आमदारांनी निवडून द्यायच्या जागा. मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहायचा आणि कोटा गाठायचा. एकूण मतांना जागा अधिक एक या आकड्याने भागायचं, त्यावर पूर्ण एक मत चढवायचं. जुलै २०२४ मध्ये परिषदेच्या ११ जागांसाठी हा कोटा २३ मतांचा होता. ऑस्करला जागा १०, म्हणजे कोटा साधारण ९ टक्के. शंभरातल्या नऊ-दहा जणांनी जीव ओवाळून पहिली पसंती दिली की चित्रपट आत, मग बाकीच्या नव्वदांना तो आवडो न आवडो.

अंतिम फेरी मात्र पदवीधर मतदारसंघासारखी. जागा एकच, आणि निम्म्याहून जास्त मतं होईपर्यंत तळाचा उमेदवार बाद करत जायचं. सोपं उदाहरण घेऊ. मतं १००, शर्यतीत उरलेले चित्रपट तीन: पहिल्याला ३८, दुसऱ्याला ३४, तिसऱ्याला २८. तिसरा बाद झाला. त्याच्या २८ मतपत्रिकांवर पुढची पसंती २० जणांनी दुसऱ्याला आणि ८ जणांनी पहिल्याला दिलेली. आता पहिला ४६, दुसरा ५४. पहिल्या पसंतीत मागे असलेला चित्रपट जिंकला.

यातून तक्ता भरणाऱ्याला दोन वेगळे प्रश्न मिळतात. नामांकनाला विचारायचं, 'याच्यावर वेडं प्रेम करणारे पुरेसे आहेत का?' विजयाला विचारायचं, 'याला नावं ठेवणारे किती कमी आहेत?' २०२१ च्या चित्रपटांत 'द पॉवर ऑफ द डॉग'ला १२ नामांकनं होती आणि 'कोडा'ला फक्त ३. 'कोडा'ने तिन्ही जिंकली, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटही. 'द पॉवर ऑफ द डॉग'च्या हाती एकटं दिग्दर्शनाचं ऑस्कर लागलं. नामांकनांची बेरीज करून विजेता ठरवणाऱ्यांची फसगत होते ती इथेच.

सोळा वर्षांचा हिशेब

दहा चित्रपट आणि पसंतीक्रम ही व्यवस्था २००९ च्या चित्रपटांपासून आली (मधली काही वर्षं नामांकनांची संख्या बदलती होती). म्हणून २००९ ते २०२४ या १६ वर्षांचेच आकडे एकमेकांशेजारी ठेवले आहेत. त्याआधीचे आकडे आजच्या अंदाजाला फारसे कामाचे नाहीत. (वर्ष म्हणजे चित्रपटांचं वर्ष; सोहळा पुढच्या वर्षी होतो.)

| कोणाचा सर्वोच्च पुरस्कार | ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाशी किती वेळा जुळला |
|---|---|
| निर्मात्यांचं गिल्ड, म्हणजे व्यावसायिक संघटना (पीजीए) | १६ पैकी १३ |
| दिग्दर्शकांचं गिल्ड (डीजीए) | १६ पैकी १० |
| कलाकारांचं गिल्ड (सॅग), कलाकारसंच | १६ पैकी ८ |
| बाफ्टा (ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार), सर्वोत्कृष्ट चित्रपट | १६ पैकी ७ |
| गोल्डन ग्लोब, नाट्य किंवा विनोदी-संगीत | १६ पैकी ७ |

ग्लोबच्या सातकडे नीट बघा. तिथे दरवर्षी दोन चित्रपटांना पुरस्कार मिळतो, म्हणजे संधी दुप्पट असूनही निम्मी वर्षंसुद्धा जुळलेली नाहीत. बाफ्टाचे सात त्याहून फसवे. त्यातले पाच २००९ ते २०१३ चे, सलग. त्यानंतरच्या अकरा वर्षांत फक्त 'नोमॅडलँड' आणि 'ओपनहायमर'.

पीजीए इतकं पुढे का? निर्मातेही पसंतीक्रमानेच मोजतात, म्हणून. त्यांची चूक तीनदाच झाली: 'द बिग शॉर्ट', 'ला ला लँड' आणि '१९१७'. (२०१३ मध्ये तिथे बरोबरी झाली होती, आणि बरोबरीतल्या दोघांपैकी 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' ऑस्करला जिंकला.) सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या रकान्यात एकाच पुरस्कारावर भिस्त ठेवायची असेल, तर ती पीजीएवर ठेवा.

डीजीएचं खरं काम वेगळं आहे. सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक या रकान्यासाठी त्याच्यासारखा भरवशाचा संकेत नाही. या १६ वर्षांत तो दोनदाच चुकला: २०१२ मध्ये बेन अ‍ॅफ्लेक (त्याला ऑस्करचं दिग्दर्शनाचं नामांकनही नव्हतं) आणि २०१९ मध्ये सॅम मेंडिस. १९४८ पासूनचा इतिहास काढला तरी २०२४ पर्यंत चुका आठच भरतात. दिग्दर्शक डीजीएवरून आणि चित्रपट पीजीएवरून भरा. दोघांचे विजेते वेगळे निघाले तर घाबरून एकाच नावावर खूण करू नका. ऑस्करही हे दोन पुरस्कार वेगवेगळ्या चित्रपटांना बरेचदा देतं.

तारखाही वाचा

२०२५ चा फेब्रुवारी महिना जवळून पाहण्यासारखा होता. जानेवारीत ग्लोब वाटले गेले ते 'द ब्रूटलिस्ट' आणि 'एमिलिया पेरेझ'ला. 'अनोरा'ला त्या रात्री एकही मिळाला नाही, आणि अनेकांनी तिला यादीतून खाली ढकललं. मग शुक्रवारी, ७ फेब्रुवारीला समीक्षकांचा क्रिटिक्स चॉइस पुरस्कार 'अनोरा'ला. दुसऱ्या दिवशी पीजीए आणि डीजीए, दोन्ही 'अनोरा'ला. ऑस्करचं अंतिम मतदान ११ फेब्रुवारीला सुरू झालं आणि १८ ला संपलं. मधल्या रविवारी, १६ ला, बाफ्टा 'कॉन्क्लेव्ह'ला. मतदान बंद झाल्यावर, २३ ला, सॅगचा कलाकारसंचाचा पुरस्कारही 'कॉन्क्लेव्ह'ला. आपल्याकडे ३ मार्चच्या सोमवारी पहाटे साडेपाचला सोहळा सुरू झाला आणि 'अनोरा'ने पाच ऑस्कर नेले, चित्रपट आणि दिग्दर्शन धरून.

ज्यांनी शेवटच्या आठवड्यात 'कॉन्क्लेव्हचा जोर वाढतोय' म्हणून आपला अंदाज फिरवला, त्यांनी एक साधी गोष्ट तपासली नाही: २३ तारखेचा पुरस्कार १८ ला बंद झालेल्या पेटीवर परिणाम करू शकत नाही. म्हणून अंतिम मतदानाच्या दोन्ही तारखा तक्त्याच्या डोक्यावर लिहून ठेवा. त्याआधीचा पुरस्कार हवा फिरवू शकतो. नंतरचा फक्त मतदारांची आवड दाखवतो, तीही दुसऱ्या मतदारांची.

अभिनयाला: सॅग की बाफ्टा?

इथे बाफ्टाला झुकतं माप द्यावं असं आमचं मत आहे, चित्रपटाच्या रकान्यात ते कितीही मागे असलं तरी. प्रमुख अभिनेता आणि अभिनेत्रीसाठी २०२० ते २०२४ या पाच वर्षांत सॅग आणि बाफ्टाचे विजेते आठ वेळा वेगळे होते. त्यात ऑस्कर पाचदा बाफ्टाच्या बाजूने गेलं: अँथनी हॉपकिन्स, फ्रान्सिस मॅकडॉरमंड, एमा स्टोन, एड्रियन ब्रोडी, मायकी मॅडिसन. सॅगच्या बाजूने तीनदा: जेसिका चॅस्टेन, मिशेल यो, ब्रेंडन फ्रेझर. पाच विरुद्ध तीन हा काही फार मोठा फरक नाही, पण अभिनेत्याचा चित्रपट स्वतः सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या शर्यतीत असेल तर पारडं आणखी जड होतं. दोघांचा विजेता एकच असला, तर डोळे झाकून त्याच्यावर खूण करा.

नामांकनांचे दहा

पीजीएची दहाची यादी ऑस्करच्या नामांकनांआधी किंवा आसपास येते. २०२१ ते २०२४ या चार वर्षांत तिच्यातले अनुक्रमे ८, ७, १० आणि ८ चित्रपट ऑस्करच्या दहांत आले. ही यादी जशीच्या तशी उतरवली तरी सरासरी आठ बरोबर. उरलेले दोन कसे शोधायचे? सुटलेल्या नावांकडे बघा: 'ड्राइव्ह माय कार', 'नाइटमेअर अ‍ॅली', 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट', 'ट्रँगल ऑफ सॅडनेस', 'विमेन टॉकिंग', 'आय अ‍ॅम स्टिल हिअर', 'निकेल बॉईज'. सातांपैकी तीन इंग्रजीबाहेरच्या भाषांतले आहेत. अमेरिकी निर्मात्यांना जे दूरचं वाटतं ते अकादमीला, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या जगभर पसरलेल्या संस्थेला, वाटत नाही. म्हणून पीजीएच्या यादीत परभाषेतला चित्रपट नसेल किंवा एकच असेल, तर एक हमखास जोडा. दुसरी जागा समीक्षकांच्या लाडक्या छोट्या चित्रपटाला द्या. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या समीक्षक मंडळांचे पुरस्कार याच कामाचे. 'ड्राइव्ह माय कार'ला दोन्हीकडे सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवल्यावर ती दहांत आली. विजेता ठरवायला मात्र त्यांचा उपयोग कमी.

नामांकनं जाहीर झाली की सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी संकलनाचा रकाना बघा. १९८१ ते २०२४ च्या चित्रपटांत संकलनाच्या नामांकनाशिवाय जिंकलेले दोनच: 'बर्डमॅन', जो एकच सलग शॉट वाटावा असा बांधलेला होता, आणि 'कोडा'. दिग्दर्शनाच्या नामांकनाची अट त्यापेक्षा सैल आहे. 'आर्गो', 'ग्रीन बुक' आणि 'कोडा' त्याशिवाय जिंकले.

आणि सप्टेंबरमध्ये, काहीच हाती नसताना?

तेव्हा महोत्सव हाच आधार. टोरांटोचा प्रेक्षक पुरस्कार २०१२ ते २०२३ सलग बारा वर्षं सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनापर्यंत पोहोचला, त्यातले तीन जिंकलेही. २०२४ मध्ये 'द लाइफ ऑफ चक'ला तो मिळाला आणि साखळी तुटली. कारण चित्रपटाच्या दर्जाशी जोडू नका. महोत्सवात तो दाखवला तेव्हा त्याला अमेरिकेत वितरक नव्हता, आणि नंतर प्रदर्शन २०२५ वर गेलं. ऑस्करला वर्ष मोजतात ते अमेरिकेतल्या प्रदर्शनाचं: लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को बे एरिया, शिकागो, डॅलस-फोर्ट वर्थ, अटलांटा यांपैकी एका ठिकाणी सलग सात दिवस. २०२४ च्या चित्रपटांपासून सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पुढच्या ४५ दिवसांत मोठ्या ५० बाजारपेठांपैकी दहांत प्रदर्शनाची अटही आली. वितरक ठरला नसेल तर कितीही टाळ्या पडोत, त्या वर्षीच्या यादीत नाव घालू नका.

व्हेनिस महोत्सवाच्या सर्वोच्च पुरस्कारावर, गोल्डन लायनवर, एवढा भरवसा नको. 'द शेप ऑफ वॉटर', 'नोमॅडलँड' जिंकले, पण २०२१ चा 'हॅपनिंग' आणि २०२४ चा 'द रूम नेक्स्ट डोअर' यांच्या हाती ऑस्करचं एकही नामांकन नाही. फ्रान्समधल्या कान महोत्सवाचं वजन मात्र वाढलं आहे. 'पॅरासाइट'पासून 'अनोरा'पर्यंत पाच पाम द'ऑर (तिथला सर्वोच्च पुरस्कार) विजेत्यांपैकी दोन सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरले, दोघांना नामांकन मिळालं, फक्त 'टिटान' बाहेर राहिला. पाचही चित्रपट अमेरिकेत निऑन या एकाच वितरकाने आणले. मे महिन्यात कानचा निकाल लागला की विजेत्याच्या नावापुढे वितरक कोण ते लिहून ठेवा.

आंतरराष्ट्रीय चित्रपट, आणि आपले

तक्त्यातली सगळ्यात सुरक्षित खूण याच रकान्यात आहे. २०१२ च्या 'आमूर'पासून २०२४ पर्यंत, ज्या वर्षी एखादा चित्रपट सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट अशा दोन्ही यादींत आला, त्या वर्षी आंतरराष्ट्रीय ऑस्कर अशाच चित्रपटाला मिळालं: 'रोमा', 'पॅरासाइट', 'ड्राइव्ह माय कार', 'ऑल क्वाएट', 'द झोन ऑफ इंटरेस्ट', 'आय अ‍ॅम स्टिल हिअर'.

भारताच्या संधीचा अंदाज मात्र दोन पायऱ्यांत करावा लागतो, आणि लोक सहसा पहिलीच विसरतात. आधी फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाने भारतातर्फे चित्रपट निवडायला हवा, मग अकादमीने त्याला नामांकन द्यायला हवं. 'श्वास' (२००४), 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) आणि 'कोर्ट' (२०१५) या मराठी चित्रपटांनी ती पायरी ओलांडली, दुसरी नाही. 'कोर्ट'ला २०१४ मध्ये व्हेनिसच्या ओरिझोंती विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार होता, तरीही नामांकन आलं नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्याच 'द डिसायपल'ला २०२० मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत पटकथेचा पुरस्कार मिळाला, पण देशाची निवड त्याच्यापर्यंत आलीच नाही.

२०२४ चं उदाहरण याहून बोचरं. मुंबई आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घडणारा, मराठीही बोलणारा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' कानला ग्रां प्री (तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार) घेऊन आला. भारताने 'लापता लेडीज' पाठवला. सहनिर्माता असलेल्या फ्रान्सने 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला आपल्या प्राथमिक यादीत घेतलं होतं, पण शेवटी निवडला 'एमिलिया पेरेझ'. डिसेंबरात आंतरराष्ट्रीय विभागाची १५ चित्रपटांची यादी लागली तेव्हा 'लापता लेडीज' तिच्यात नव्हता. भारतीय चित्रपटाच्या नावापुढे टक्केवारी लिहायची असेल, तर फेडरेशनची घोषणा होईपर्यंत तो रकाना कोरा ठेवा. घोषणा झाली की एकच गोष्ट तपासा: त्या चित्रपटाला अमेरिकेत वितरक आहे का, आणि अकादमीच्या मतदारांपर्यंत तो डिसेंबरआधी पोहोचवायची त्या वितरकाची ऐपत आहे का.