८०८५ नंतर कोणती असेम्ब्ली धरायची: एक्स८६, आर्म की रिस्क-फाइव्ह?

नागपुरात इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या बऱ्याच मुलांची असेम्ब्लीशी, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना थेट लिहायच्या भाषेशी, पहिली गाठ ८०८५ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरच्या किटवर पडते. व्हायव्हा आटोपला की प्रश्न येतो, पुढे काय? एक्स८६, आर्म आणि रिस्क-फाइव्ह ही प्रोसेसरची तीन घराणी, प्रत्येकाची असेम्ब्ली वेगळी. माझं मत आधीच सांगतो: आर्म धरा, तिथून रिस्क-फाइव्हकडे वळा. एक्स८६ गरज पडेल तेव्हा.

मेमरीतल्या दोन संख्यांची बेरीज करून बघा, फरक लगेच दिसतो. ८०८५ मध्ये पहिली संख्या ॲक्युम्युलेटर या मुख्य रजिस्टरमध्ये (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी साठवणीची जागा) आणायची, दुसरीचा मेमरीतला पत्ता एच आणि एल या रजिस्टरांच्या जोडीत ठेवायचा आणि 'ॲड एम', म्हणजे त्या पत्त्यावरची संख्या मिळवा. किटवर २०५० या पत्त्यावरची संख्या उचलायला ३ए (उचलण्याच्या सूचनेचा कोड), ५०, २० असे बाइट टाकावे लागतात, म्हणजे पत्त्याचा खालचा भाग आधी. हे स्वतःच्या बोटांनी केलं की ही लिटल एंडियन पद्धत डोक्यात पक्की बसते. तेवढ्यासाठी तरी किटचं प्रॅक्टिकल मन लावून करा.

एक्स८६ ची वळणं ओळखीची वाटतील. १९७८ चा ८०८६ आखतानाच ८०८० आणि ८०८५ चे प्रोग्रॅम त्यावर आणता यावेत याची सोय ठेवली होती. इथेही मेमरीतली संख्या थेट रजिस्टरमध्ये मिळवता येते. मात्र एकेक सूचना १ पासून १५ बाइटपर्यंत लांब, आणि लिहायच्या पद्धती दोन. इंटेल पद्धतीत निकालाची जागा आधी लिहितात, एटी अँड टी पद्धतीत शेवटी. नवख्याचा इथे फार गोंधळ उडतो. मालवेअरची, म्हणजे घातक सॉफ्टवेअरची, चिरफाड करायची असेल, तर मात्र हीच शिका.

आर्ममध्ये मेमरीला हात लावायचा तो फक्त लोड आणि स्टोअरने. म्हणून तीच बेरीज दोन लोड, एक ॲड, एक स्टोअर अशी होते, पत्ते रजिस्टरमध्ये भरायचे ते वेगळे. ओळी वाढतात, पण कुठे काय चाललंय ते स्वच्छ दिसतं. आर्मच्या कॉर्टेक्स-एम३ या कोअरवर फ्लॅग (निकाल शून्य आला का, हातचा आला का अशा खुणा) बदलायचे की नाही हेही तुमच्या हातात: 'ॲड' लिहिलं तर जैसे थे, 'ॲड्स' लिहिलं तर बदलतात. एम्बेडेडमध्ये, म्हणजे उपकरणांत बसवलेल्या छोट्या कॉम्प्युटरांच्या कामात, नोकरी हवी असेल तर याला तोड नाही.

रिस्क-फाइव्ह २०१० मध्ये बर्कलीत सुरू झालं. या भाषेत कॅरी (हातचा) दाखवणारा फ्लॅगच नाही. बेरीज मूळ संख्येपेक्षा लहान आली का, हे 'एसएलटीयू' या तुलनेच्या सूचनेने तपासून कॅरी काढायचा. एक्स-झिरो रजिस्टर कायम शून्य. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर याच घराण्यातले, त्यामुळे मला या भाषेबद्दल विशेष आस्था आहे.

निवड होत नसेल तर रास्पबेरी पाय पिको २ हा छोटा बोर्ड घ्या. नागपुरात बर्डीच्या बाजारात मिळाला तर उत्तम, नाहीतर ऑनलाइन मागवा. त्यातल्या आरपी२३५० चिपमध्ये दोन कॉर्टेक्स-एम३३ आहेत आणि दोन रिस्क-फाइव्ह कोअरही. बेरजेचा तोच प्रोग्रॅम दोन्हींवर लिहा, डिसअसेम्ब्ली (तयार मशीन कोडवरून परत काढलेली असेम्ब्ली) शेजारी-शेजारी उघडा आणि जी वाचताना कमी अडखळाल ती आधी पुरी करा.