द्राक्षवेल वाळतेय: करवत, कल्चर का डीएनए, काय करायचं?

आमच्या अथणी-तेलसंग पट्ट्यात हल्ली बऱ्याच बागांत एकच रड, खरड छाटणी (उन्हाळ्यातली) झाली की एखादा ओलांडा, म्हणजे खोडावरची आडवी फांदी, फुटतच नाही, पुढच्या सालाला अर्धी वेल जाते, आणि दुकानात विचारलं की कुठलंतरी बुरशीनाशक हातात येतं. अहो पण बुरशी कुठली हे बघितलंय का कुणी?

पहिली करवत, कारण फुकट आहे. मेलेला ओलांडा आडवा कापा. तपकिरी पाचर, म्हणजे पाचरीच्या आकाराचा डाग, दिसली तर बोट्रिओस्फेरिया कुळातली बुरशी असू शकते नाहीतर युटायपा नावाची दुसरी बुरशी, दोन्हीची पाचर सारखीच दिसते म्हणून नुसतं बघून नाव लावू नका. लाकडात काळे ठिपके असतील तर संशय एस्का या लाकडातल्या बुरशीच्या रोगावर. भोक आणि भुसा निघाला तर आधी खोडकिडा बघा. आणि बुडखा, मुळं काळी पडली असतील तर ब्लॅक फूट हा मुळांचा बुरशी रोग, तिथं वर कितीही फवारा, काय उपयोग नाही, रोप नाहीतर माती बघायला लागते.

नाव पायजे असलं तर कल्चर, म्हणजे लाकडातली बुरशी लॅबमध्ये प्लेटवर वाढवून बघायची. स्वस्त आणि जिवंत बुरशी हातात येते, हे मोठं. बोट्रिओस्फेरियावाल्या तीन-चार दिवसांत प्लेट भरून टाकतात, पण एस्कातली फिओमोनिएला बुरशी दोन-तीन आठवडे घेते आणि तोवर दुसरीच बुरशी तिच्यावर चढून बसते. इथं सगळा खेळ सॅम्पलचा आहे बघा. मी पहिल्यांदा पूर्ण वाळलेलं लाकूड ओलं असताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाठवलं, रिपोर्टमध्ये मेल्या लाकडावर वाढणारी साधी बुरशी आली, सीझन गेला माझा. पाठवायचा तो मेलेल्या आणि जिवंत लाकडाच्या सीमेवरचा तुकडा, कागदात गुंडाळून, लवकरात लवकर.

डीएनए महाग पण प्रजातीचं नाव पक्कं करायला तेच लागतं. आपल्यासारख्या उष्ण भागात वाढणारी लासिओडिप्लोडिया (बोट्रिओस्फेरिया कुळातलीच) घ्या, जुने बीजाणू तपकिरी, मधे एक आडवा पडदा, अंगावर उभ्या रेघा, एवढ्यावर वंश कळतो. प्रजाती वेगळ्या करायला मात्र नुसतं आयटीएस (बुरशी ओळखायला नेहमी वाचतात तो डीएनएचा भाग) पुरत नाही, सोबत ईएफ-१ अल्फा जीनचं सिक्वेन्सिंग, म्हणजे त्याचाही डीएनए वाचून, मागा. थेट लाकडातून पीसीआर (ठराविक बुरशीचा डीएनए शोधायची चाचणी) केला तर निकाल लवकर येतो खरा, पण तो शोधतो तेवढंच सापडतं, आणि मेलेल्या बुरशीचा डीएनएसुद्धा पॉझिटिव्ह येतो.

माझं मत विचाराल तर दोन-चार वेली गेल्यात त्यानं करवतीवरच थांबावं, कारण पाचर कुणाचीही असू दे, काम तेच, डाग संपल्यावर अजून वीतभर खाली कापायचं, त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावायची, पावसात छाटणी नाही, कापलेलं लाकूड बांधावर न ठेवता जाळायचं. निम्मा प्लॉट चाललाय तर कल्चर कराच. आणि नवीन लागणीसाठी डॉगरिज खुंटाची रोपं आणणार असाल, किंवा रोपवाटिकेशी वाद असेल, तर कल्चर करून त्यातल्याच बुरशीचा डीएनए, तिथं पैसे वाचवू नका. आरभावीच्या हॉर्टिकल्चर कॉलेजात नाहीतर पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात आधी फोन करून विचारा, सॅम्पल घेतात का आणि कसं पायजे, मगच सॅम्पल कापायला करवत हातात घ्या.