ऑर्बिटल की ड्रेक्सिया: टेक्नो ऐकायला सुरुवात कुठून करावी?

टेक्नो, म्हणजे इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर घडवलेलं नाचाचं संगीत, नीट ऐकायचं आहे, पण एकच अल्बम सुचव, असं कुणी म्हटलं की माझ्यासमोर कायम दोन नावं येतात. दोन्ही दोघा-दोघा कलाकारांच्या जोड्या, आणि दोन्ही त्यांचे पहिले अल्बम. एक इंग्लंडच्या ऑर्बिटलचा, १९९१ चा. त्याला नाव असं नाहीच, हिरव्या कव्हरमुळे सगळे त्याला ‘ग्रीन अल्बम’ म्हणतात. दुसरा अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या ड्रेक्सियाचा ‘नेपच्यून्स लेअर’, १९९९ चा. ऑटेकरचा ‘इन्क्युनॅब्युला’ही जोडीचाच पहिला अल्बम आहे आणि मला मनापासून आवडतो, पण तो नाचाच्या ठेक्यापासून बराच लांब सरकलेला आहे. नवख्याने तो नंतर घ्यावा.

निवडताना एक गोष्ट आधी लक्षात घ्या. ‘पहिला’ हा शब्द दोघांच्या बाबतीत सारखा लागू होत नाही. फिल आणि पॉल हार्टनॉल हे सख्खे भाऊ, लंडनजवळच्या सेव्हनओक्सचे. लंडनला वळसा घालणाऱ्या एम-२५ या रिंगरोडच्या आसपास तेव्हा रात्रभर रेव्ह, म्हणजे नाचाच्या मोठ्या पार्ट्या, चालायच्या, त्या रस्त्यावरून त्यांनी नाव घेतलं. आईवडिलांच्या घरी साध्या कॅसेटवर रेकॉर्ड केलेला त्यांचा ‘चाइम’ १९८९ च्या शेवटी बाहेर आला आणि पुढच्या वर्षी ब्रिटिश चार्टमध्ये सतराव्या क्रमांकापर्यंत गेला. त्यानंतर दीडेक वर्षात अल्बम. म्हणजे हे खरोखर सुरुवातीचं काम आहे, वेगवेगळ्या वेळी सुचलेले ट्रॅक एकत्र आणलेले. ड्रेक्सियाचं उलट. जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड १९९२ पासून छोट्या रेकॉर्ड काढत होते. पहिला अल्बम बर्लिनच्या ट्रेझॉर या रेकॉर्ड कंपनीने काढला तोवर त्यांची भाषा पूर्ण पिकलेली होती. त्यामुळे एकीकडे उमेद ऐकू येते, दुसरीकडे हुकमत.

ठेक्यातला फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो. ऑर्बिटलकडे बहुतेक ठिकाणी दर मात्रेला किक, म्हणजे ड्रमचा जड खालचा ठोका, पडते, एक-दोन-तीन-चार, पाय आपोआप हलतो. ड्रेक्सियाचा ठेका इलेक्ट्रो या तुटक ठेक्याच्या शैलीचा. स्नेअर, म्हणजे ड्रमचा कडक वरचा ठोका, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पक्का बसलेला, पण किक मधूनच गळते, मधूनच दोनदा येते आणि बेसची ओळ त्या मोकळ्या जागांतून वळणं घेत जाते. तबला-ढोलकी ऐकत वाढलेल्या कानाला ही गळालेली किक लगेच जाणवते, आणि मजाही तिथेच आहे. पण सलग दर मात्रेचा ठोका अपेक्षित असेल तर सुरुवातीला थोडं अधांतरी वाटेल.

आता ऑर्बिटलचं बलस्थान सांगतो: सूर. शेवटाकडचा ‘बेलफास्ट’ हा आठ मिनिटांचा ट्रॅक आधी ऐका, बाकीचा अल्बम नंतर. बाराव्या शतकातली जर्मन जोगीण हिल्डेगार्ड फॉन बिंगेन हिची एक धार्मिक रचना एमिली व्हॅन एव्हेराने गायली होती, त्या गायनातला तुकडा इथे सिंथच्या (सिंथेसायझरच्या) वर तरंगत येतो. खाली बेस सावकाश चालतो आणि तो आवाज परत परत येतो, दरवेळी तोच, तरी दरवेळी थोडा जास्त लागतो. बेलफास्टमध्ये डीजे डेव्हिड होम्सने ठेवलेल्या कार्यक्रमात वाजवून आल्यावर दोघांनी या ट्रॅकला शहराचं नाव दिलं. यंत्रांच्या संगीतात जीव नसतो असं म्हणणाऱ्यांना मी हेच ऐकवतो. ‘फॅरनहाइट ३०३’मध्ये रोलंडच्या टीबी-३०३ या छोट्या बेस-यंत्राचा तो चिरका, पिळवटलेला आवाज आहे. जाता जाता सांगण्यासारखं: हेच यंत्र, सोबत टीआर-८०८ ड्रम मशीन, घेऊन मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले होते. तो कान असलेल्या श्रोत्याला ‘फॅरनहाइट ३०३’ परका वाटायचं कारण नाही.

कच्च्या बाजूही आहेत. ‘डेझर्ट स्टॉर्म’ बारा मिनिटं चालतो आणि माझ्या मते त्यातली चार जास्तीची आहेत. ‘स्टील क्यूब आयडॉलेट्री’ त्या काळातच अडकून राहिला आहे. शिवाय ब्रिटिश आवृत्तीत ‘चाइम’ आहे तो लाइव्ह. मूळ ‘चाइम’साठी घेत असाल तर फसगत होईल.

ड्रेक्सियाबद्दल बोलताना आधी गोष्ट सांगावी लागते. १९९७ च्या ‘द क्वेस्ट’ या त्यांच्या संकलनासोबतच्या मजकुरात एक कल्पना मांडली होती. आफ्रिकेतून गुलाम करून नेताना गरोदर स्त्रियांना जहाजांवरून अटलांटिकमध्ये फेकलं जाई. त्यांच्या पोटातली मुलं पाण्यातच जन्मली आणि पाण्यातच श्वास घ्यायला शिकली असतील तर? त्यांचं राज्य म्हणजे ड्रेक्सिया. समुद्रात माणसं फेकली गेली हा इतिहास आहे. त्या बुडालेल्यांना वंश, नगरं, विज्ञान आणि सैन्य देणं हे या दोन कृष्णवर्णीय कलावंतांचं काम. आणि तेही भाषण न देता. अल्बमभर ट्रॅकची नावं, मोजकेच शब्द आणि आवाज, एवढ्यावर ते जग उभं राहतं. स्वतःला त्यांनी जवळजवळ अदृश्य ठेवलं. २००२ मध्ये स्टिन्सन गेला तेव्हा तो फक्त बत्तीस वर्षांचा होता.

एकवीस ट्रॅक आहेत म्हणून घाबरू नका, काही अगदी छोटे आहेत. ‘अँड्रियन सँड ड्यून्स’पासून सुरुवात करा. सिंथची एक गोड ओळ वर चढते, तिथेच जरा रेंगाळते, पुन्हा खाली येऊन चढते. सातेक मिनिटं एवढंच घडतं. पण खालचा बेस हळूहळू रंग बदलत असतो आणि संपताना ती ओळ सुरुवातीइतकी निरागस उरत नाही. त्यानंतर ‘युनिव्हर्सल एलिमेंट’ लावा, तिथे हीच माणसं किती कडक वाजवू शकतात ते कळतं. उत्तरार्धात दोन-तीन ट्रॅक आराखड्यासारखे अर्धवट वाटतात, हे मान्य. तरी सलग ऐकल्यावर ते काढून टाकावेत असं मला वाटत नाही.

कशावर ऐकणार, यावरही निवड अवलंबून आहे. ऑर्बिटलचे सूर फोनच्या स्पीकरवरही बऱ्यापैकी टिकतात. घरकाम करताना, प्रवासात, गाडीत तो अल्बम छान साथ देतो. ड्रेक्सियाचा बेस मात्र छोट्या स्पीकरवर गायबच होतो आणि मग उरतो तो पातळ टिकटिकाट. बरे हेडफोन नसतील तर ‘नेपच्यून्स लेअर’ सध्या थांबवा, वाया जाईल.

तेव्हा, गाण्यात सूर आधी शोधत असाल, चाल लक्षात राहायला हवी असेल, तर ऑर्बिटल घ्या. तासभर फोन बाजूला ठेवून दिवा मालवून बसायची तयारी असेल तर ड्रेक्सिया. आणि एकाच विनाइलचे पैसे असतील तर मी ड्रेक्सियाच घ्यायला सांगेन. ‘बेलफास्ट’इतका सुंदर एकटा ट्रॅक त्यात नाही, पण पूर्ण अल्बम म्हणून तो कितीतरी सरस आहे. ऑर्बिटलचे चार आवडते ट्रॅक निवडून ऐकले तरी चालतं, ड्रेक्सियाचे तसे ऐकले तर निम्मं हाती लागतं.

ट्रेझॉरने ‘नेपच्यून्स लेअर’ २०२२ मध्ये पुन्हा छापला, त्यामुळे जुन्या प्रतीसाठी भरमसाट पैसे मोजू नका. ऑर्बिटलच्या अल्बमची वाढीव आवृत्ती २०२४ मध्ये आली. मूळ अल्बमची अमेरिकन आवृत्ती वेगळी आहे, म्हणून पैसे देण्याआधी ट्रॅकची यादी एकदा वाचून घ्या.