प्रोव्हायडर की रिव्हरपॉड: माझ्यापुरता निकाल एका बॉटम शीटने लावला

फ्लटरमध्ये (गूगलच्या ॲप बनवायच्या फ्रेमवर्कमध्ये) छोटं किंवा मध्यम आकाराचं ॲप लिहायला घेतलंय, विजेटची, म्हणजे पडद्यावरच्या एका तुकड्याची, स्टेट (बदलती माहिती) तिथल्या तिथे बदलणारं सेटस्टेट आता पुरत नाही, आणि स्टेट ॲपभर वाटायला प्रोव्हायडर हे पॅकेज घ्यावं की रिव्हरपॉड इथे घोडं अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. दोन्हीत मी पूर्ण ॲप्स लिहिली आहेत आणि ती आजही सांभाळतोय. ब्लॉक (Bloc) या याच कामाच्या तिसऱ्या पॅकेजमध्ये शिरत नाही. त्याची शिस्त मोठ्या टीमच्या कामाची आहे, पण चार पडद्यांच्या ॲपला ती जड जाते. आणि जे एकाच विजेटपुरतं आहे, म्हणजे निवडलेला टॅब, उघडा-मिटलेला पॅनेल, ते दोन्हीकडे सेटस्टेटमध्येच राहू द्या.

दोन्ही पॅकेजेस रेमी रूस्लेचीच. वरच्या विजेटची माहिती खालच्यांना देणारं फ्लटरमधलं इनहेरिटेडविजेट वापरायला सोपं करून दिलं, ते प्रोव्हायडर. २०१९ च्या गूगल आय/ओमध्ये फ्लटर टीमनेच त्याची शिफारस केली आणि तेव्हापासून नवीन माणूस बहुधा तिथूनच सुरुवात करतो. प्रोव्हायडरच्या इंग्रजी स्पेलिंगमधली अक्षरं इकडची तिकडे केली की रिव्हरपॉड होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण प्रोव्हायडर वापरताना जे खटकलं ते दुरुस्त करायलाच त्याने हे दुसरं लिहिलं.

शिकायला प्रोव्हायडर सोपं, यात वाद नाही. चेंजनोटिफायर (स्टेट सांभाळणारा क्लास) लिहा, बदल झाला की नोटिफायलिसनर्स म्हणा, पडद्यावर तो बदल ऐकायला कॉन्टेक्स्ट.वॉच. एवढं कळलं की माणूस त्याच दिवशी कामाला लागतो. वेगाचं म्हणाल तर मला हातात धरलेल्या फोनवर दोघांत फरक जाणवलेला नाही. विजेट नको तिथे पुन्हा बांधलं जात (रीबिल्ड होत) असेल तर स्टेटचा हवा तेवढाच भाग ऐकणारं सिलेक्ट दोन्हीकडे आहे.

माझं बिनसलं ते दुसरीकडेच.

नोंदी ठेवायचं एक ॲप होतं. प्रत्येक नोंदीचं एक तपशिलाचं पान, त्या पानाला स्वतःचा नोटिफायर, आणि दुरुस्तीसाठी खालून वर येणारी बॉटम शीट. आधी शीटचा सगळा कोड पानाच्याच फाइलमध्ये, बिल्डरच्या आत लिहिला होता आणि तो नीट चालत होता. मग फाइल लांबली म्हणून शीट वेगळ्या विजेटमध्ये काढली. नुसती काढली, ओळ एकही बदलली नाही. कंपायलर गप्प, ॲनलायझर गप्प. शीट उघडत होती, रकाने भरलेले दिसत होते. काही दिवसांनी वापरणाऱ्यांकडून निरोप आला की ‘जतन करा’ दाबलं तरी काहीच होत नाही.

खरंच काही होत नव्हतं. नोटिफायर शोधून देणारं कॉन्टेक्स्ट.रीड बटणाच्या ऑनप्रेस्डमध्ये होतं, त्यामुळे चूक बिल्डमध्ये नव्हे, बोट लागल्यावर घडत होती. पडदा लाल झाला नाही, फक्त कन्सोलमध्ये प्रोव्हायडरनॉटफाउंडएक्सेप्शन, म्हणजे प्रोव्हायडर सापडला नाही. मी मात्र डेटाबेसच्या कोडमध्ये शोधत बसलो होतो.

कारण असं, की बॉटम शीट आणि डायलॉग नॅव्हिगेटरवर (पानं एकावर एक रचणाऱ्या विजेटवर) उघडतात आणि नॅव्हिगेटर पानाच्या वर असतो. कोड वाचताना शीट पानाच्या पोटात दिसते, विजेट ट्रीमध्ये ती पानाच्या शेजारी असते. आधी चालत होतं ते बिल्डरच्या आत अजून पानाचा कॉन्टेक्स्ट (ट्रीमधली त्याची जागा) वापरला जात होता म्हणून. वेगळं विजेट केल्यावर त्याला त्याचा स्वतःचा कॉन्टेक्स्ट मिळाला आणि तिथून वर चढत गेलं तर माझा नोटिफायर वाटेत लागतच नाही.

उपाय आहे. चेंजनोटिफायरप्रोव्हायडर.व्हॅल्यू वापरून तोच नोटिफायर शीटभोवती पुन्हा गुंडाळायचा. प्रत्येक शीटला, प्रत्येक डायलॉगला, न विसरता. मी विसरायचो. म्हणून नोटिफायर उचलून थेट मटेरियलॲपच्या, म्हणजे ॲपच्या मुळाशी असलेल्या विजेटच्या, वर नेला. आता तो सगळीकडे सापडतो, पण पान बंद केल्यावर मरत नाही. दुसरी नोंद उघडली की क्षणभर आधीच्या नोंदीची रक्कम दिसायची. मग एक रीसेट मेथड लिहिली, आणि ती बोलवायची राहिली की पुन्हा तेच. एकाच प्रकारच्या दोन वस्तू हव्या असतील तरी असंच अडतं, कारण प्रोव्हायडर प्रकारावरून शोधतो आणि जवळचा पहिला देतो.

प्रोव्हायडरच्या बाजूने एवढं सांगायला हवं, की चूक दाखवणारा त्याचा संदेश फार चांगला लिहिलेला आहे, कारण आणि उपाय दोन्ही देतो. पण तो वाचायला आधी चूक चालत्या ॲपमध्ये घडावी लागते, आणि माझ्याकडे ती वापरणाऱ्याच्या हातात घडली.

रिव्हरपॉडमध्ये स्टेट देणाऱ्या वस्तूलाही प्रोव्हायडरच म्हणतात, आणि ते साधं ग्लोबल व्हेरिएबल. वर एक प्रोव्हायडरस्कोप, आणि शीट असो की डायलॉग, नाव घेतलं की मिळतं. नाव चुकलं तर बिल्डच होत नाही. नोंदीच्या आयडीवर फॅमिली (दर आयडीला वेगळा प्रोव्हायडर) आणि सोबत ऑटोडिस्पोज (कुणी वापरत नसेल तर आपोआप काढून टाकणं) लावलं, की प्रत्येक नोंदीला आपापली स्टेट मिळते आणि पान मिटलं की ती जाते. माझी रीसेट मेथड पुसली गेली. एका स्टेटवर दुसरी अवलंबून असेल तर प्रोव्हायडरमध्ये प्रॉक्सीप्रोव्हायडर लागतो, त्याचे सहापर्यंत आकडे लावलेले प्रकार आहेत. इथे रेफ.वॉचची एक ओळ पुरते.

त्रास इथेही आहे, आणि तो सुरुवातीलाच होतो. प्रोव्हायडरचे प्रकार बरेच आहेत आणि इंटरनेटवरचे जुने लेख स्टेटनोटिफायरप्रोव्हायडर शिकवतात, जो २०२५ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत लेगसी म्हणून बाजूला काढला गेला. तुम्ही नोटिफायरप्रोव्हायडर आणि असिंकनोटिफायरप्रोव्हायडर एवढेच धरा. कोड जनरेशन, म्हणजे प्रोव्हायडरचा कोड साधनाकडून लिहून घेणं, सक्तीचं नाही. मी ते घेऊन सुरुवात केली आणि तो कोड तयार करणाऱ्या बिल्डरनरची वाट पाहून कंटाळलो, आता हातानेच लिहितो. ऑटोडिस्पोजवाल्या प्रोव्हायडरवर कुणी वॉच करत नसताना नुसतं रीड केलं तर तो जन्मतो आणि लगेच जातो, त्यात ठेवलेलंही जातं. फॅमिलीला लिस्ट दिली तर दर रीबिल्डला नवी लिस्ट म्हणजे नवा प्रोव्हायडर, आणि लोडिंगचं चक्र फिरतच राहतं. डायलॉगच्या बिल्डरमध्ये पानाचा रेफ वापरू नका, आत कन्झ्युमर (स्वतःचा रेफ देणारं विजेट) घाला, नाहीतर डायलॉग ताजा होत नाही. यातला प्रत्येक खड्डा मला एकदा लागला, पण एकदाच. शीटचा खड्डा दर नव्या शीटला असतो.

तुमच्या ॲपमध्ये वाटून घ्यायची स्टेट दोन-तीनच असेल आणि ती ॲपभर जगणारी असेल, म्हणजे लॉगिन, थीम, भाषा, तर प्रोव्हायडर घ्या, रिव्हरपॉडचं शिकणं तुमच्यावर लादणार नाही. पण तपशिलाची पानं, त्यांची आपापली स्टेट आणि त्यातून उघडणाऱ्या शीट असतील तर मी बहुधा रिव्हरपॉडच सुचवेन. माझी गेली दोन ॲप्स त्यातच आहेत.

चालू ॲप हलवायचं तर एका रात्रीत सगळं उपटू नका. दोन्ही पॅकेजेस एकत्र राहतात, फक्त प्रोव्हायडर, कन्झ्युमर ही नावं दोन्हीकडे असल्याने एका फाइलमध्ये दोन्ही आणताना एकाच्या इम्पोर्टला उपसर्ग द्यावा लागतो. ज्या पानातून सर्वांत जास्त डायलॉग उघडतात ते आधी घ्या. माझ्या नोंदींच्या ॲपमध्ये सेटिंग्जची तीन पानं अजून प्रोव्हायडरवरच आहेत. त्यांतून एकही शीट उघडत नाही, म्हणून त्यांना मी हात लावलेला नाही.