मागच्या पाट्यांचे बुश: कंपनीचे, लोकल की पीयू?

पांदण रस्त्यावर चालणाऱ्या बोलेरोची मागची बाजू खडखडायला लागली की पहिलं बोट शॉकअपकडे जातं. शॉकअपची जोडी बदलली जाते, पैसे जातात आणि आवाज तसाच राहतो. मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या गाडीत ढिलाई बहुतेक वेळा बुशांत, म्हणजे पाट्याच्या टोकाच्या गोल डोळ्यात बसणाऱ्या रबरी नळ्यांत, नाहीतर पाटा एक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टात असते. म्हणून बुश विकत घेण्याआधी तपासणी नीट करा.

गाडी सपाट जागेवर उभी करून मागचा कोपरा जोर लावून दाबा आणि सोडा. वर येऊन थांबला तर शॉकअप ठीक आहे. दोन-तीनदा झुलत राहिला, किंवा शॉकअपच्या अंगावर तेल ओघळून माती चिकटलेली दिसली, तर तो गेला. यानंतर पुढच्या चाकांना दगड लावा, चेसिसखाली घोड्या द्या (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका) आणि पाट्याच्या डोळ्यात टॉमी (लोखंडी दांडा) घालून हलवा. चांगलं रबर थोडं दबतं आणि परत जागेवर येतं. गेलेल्या बुशात बोल्ट डोळ्यातल्या डोळ्यात फिरतो, आणि शॅकलच्या (पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याच्या) पट्टीवर घासून चकाकी आलेली असते. एका बाजूला अशा तीन जागा पाहायच्या: पुढचा डोळा, शॅकलचा वरचा आणि खालचा.

यू-बोल्ट ढिले असतील तर पाटा आणि त्याची बैठक यांच्या फटीतून तांबूस भुकटी बाहेर आलेली दिसते. ती दिसली की मीटरपट्टी काढा. स्टीअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. ठळक फरक आला तर पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकलेला असू शकतो. अशी गाडी रस्त्यावर तिरकी चालते. गाडी जागेवरून निघताना एकदाच ‘खट्’ होत असेल तर प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे जाणारा दांडा) हातात धरून उलटसुलट फिरवून पाहा. खेळ क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्टच्या सांध्यात, असेल तर बुश बदलून तो आवाज जाणार नाही.

आता बुश. आमची पसंती सरळ आहे: काळी-पिवळी असो की शेताची गाडी, कंपनीचे रबरी बुश घ्यावेत. ते पाट्याबरोबर पिळतात, धक्का गिळतात आणि आवाज करत नाहीत.

लोकल बुश स्वस्त असतात आणि सगळेच वाईट नसतात, पण दुकानात उभं राहूनच पारखून घ्या. नख दाबलं की खूण लगेच भरून यायला हवी. वाकवल्यावर बारीक तडे दिसले किंवा बोटाला काळं लागलं, तर बुश परत ठेवा. लोखंडी नळी असलेल्या बुशात सगळ्यात मोठी गफलत नळीच्या लांबीत असते. आतली नळी रबरापेक्षा किंचित बाहेर असावी लागते, कारण बोल्ट आवळल्यावर पट्ट्यांनी नळीला धरायचं असतं. नळी अर्धा मिलिमीटर जरी आखूड निघाली तरी पट्ट्या रबरालाच चिमटतात, आणि काळ्या मातीत एक पावसाळा काढेपर्यंत कडा फाटतात. जुना बुश खिशात घालून न्या आणि दोन्ही टेबलावर शेजारी-शेजारी उभे करा.

पीयू (पॉलियुरेथेन) बुश जास्त टिकतात, पण कडक असतात. रिकाम्या गाडीत हादरा अंगात येतो, आणि सिलिकॉन ग्रीस कमी पडलं की ते कुरकुरतात. कायम भरलेल्या पिकअपला चालतील. घरच्या गाडीला आम्ही सुचवणार नाही.

चांगला बुशही वाया जातो तो बसवताना. बोल्ट जाम असेल तर आदल्या रात्री गंज काढायचा स्प्रे मारून ठेवा. पाट्यावर गॅसची ज्योत धरू नका, पोलादाचा ताव उतरतो. तडा गेलेला पाटा वेल्डिंगनेही जोडू नये, तो वेल्डिंगच्या शेजारीच पुन्हा तुटतो. एक्सलला खालून दुसरा जॅक द्या, त्याचं वजन ब्रेकच्या होजवर येऊ देऊ नका. बुश प्रेसवर बसवा, हातोड्याने ठोकू नका. सरकवायला साबणाचं पाणी पुरतं. साधं ग्रीस किंवा ऑइल रबराला फुगवतं.

यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी चुकते. चाकं हवेत असताना डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट पक्के आवळले, की गाडी खाली उतरताच रबर आधीच पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. त्यामुळे बोल्ट हातानेच लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चारदा दाबून बसवा आणि मगच मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळा. पान्याला पाइप लावून अंदाजाने नको.

यू-बोल्ट काढले असतील तर नटांसकट नवेच टाका, एका बाजूला दोन, एकूण चार. जुन्यांचे आटे ताणलेले असतात. कापसाच्या हंगामासाठी एक पाटा वाढवून घेत असाल तर यू-बोल्टही त्या मापाने लांब घ्या, नाहीतर नट पूर्ण आट्यावर बसत नाही. बुश दोन्ही बाजूंचे एकाच वेळी बदला. आणि 500 किलोमीटर झाल्यावर चारही यू-बोल्टांचे आठ नट पुन्हा तपासा, नवे पाटे-बुश बसले की ते थोडे सैल होतात.