सुंता, कंडोम की प्रेप? एचआयव्ही टाळायला कशाचा किती आधार

सुंतेचा फायदा खरा आहे, पण अर्धवट. ऑरेंज फार्म (2005), किसुमू आणि रकाई (2007) या आफ्रिकेतल्या तीन चाचण्यांत सुंता झालेल्या पुरुषांना स्त्रीकडून लागण होण्याचं प्रमाण 50 ते 60 टक्क्यांनी घटलं. किसुमूत दोन वर्षांत शंभरातल्या साधारण चौघांऐवजी दोघांनाच लागण झाली. भारतात मुळात लागणच फार कमी, त्यामुळे निम्मी घट होऊनही वाचणारे मोजकेच.

पुण्याचा पुरावा बोलका आहे. इथल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या 2,298 पुरुषांच्या 2004 सालच्या अभ्यासात सुंता झालेल्यांना एचआयव्ही खूपच कमी आढळला, पण सिफिलिस-गनोरिया कमी नव्हते. म्हणजे फरक वागणुकीचा नसावा, सुंतेत काढल्या जाणाऱ्या कातडीचा असावा: तिचा आतला थर पातळ आणि विषाणू ज्यांना चिकटतो त्या पेशींनी भरलेला. मात्र सुंता झालेले पुरुष त्यात थोडेच होते.

शस्त्रक्रिया जागा बधिर करून होते. रक्तस्राव, पू, पहाटेच्या ताठरतेने टाके ओढले जाणं हे त्रास होऊ शकतात. सहा आठवडे संबंध नकोतच. ओली जखम म्हणजे विषाणूला उघडं दार. बाधित पुरुषाची सुंता केल्याने बायकोचं संरक्षण होत नाही. गुदमैथुनात घेणाऱ्यालाही नाही.

कंडोम दर वेळी नीट वापरला तर संरक्षण सुमारे 80 टक्के, शिवाय बाकीचे गुप्तरोगही बऱ्याच अंशी टळतात. फाटतो तो बहुधा टोकात हवा राहिल्याने किंवा खोबरेल लावल्याने. लॅटेक्सला तेल चालत नाही, पाण्याचं जेल घ्या.

प्रेप म्हणजे लागण नसलेल्याने ती टाळायला घ्यायची टेनोफोव्हिर-एमट्रिसिटाबिनची रोजची गोळी. नियमित घेणाऱ्याला तिच्याइतका भरवसा सुंता देत नाही. आधी एचआयव्ही, कावीळ बी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) तपासा, मग दर तीन महिन्यांनी एचआयव्ही. लपलेली लागण असताना सुरू केली तर विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

फक्त एचआयव्हीसाठी पुण्यात सुंता करावी, असं आम्हाला वाटत नाही. कातडी मागे सरकत नसेल तर जरूर करा, पण कंडोम सोडू नका. जोडीदार बाधित असेल तर त्याचे उपचार आधी. रक्तातला विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की संबंधातून लागण होत नाही.

आणि कंडोम फाटलाच तर 72 तासांच्या आत, शक्यतो त्याच दिवशी, सरकारी एआरटी केंद्र (एचआयव्हीवरची औषधं देणारं) गाठा. तिथे लागण टाळण्यासाठी मिळणाऱ्या गोळ्या 28 दिवस घ्यायच्या असतात.